शिकागोची पोरं

शिकागो हे नाव आपल्याकडे पोचले ते विवेकानंदांच्या १८९३ सालच्या व्याख्यानांमुळे. पण त्याच शहरात गरीब कृष्णवर्णीयांच्याही मोठाल्या वस्त्या होत्या. अमेरिकेच्या दक्षिण भागातली शेतमजुरी आणि जाच सोडून पोटासाठी आलेली ही माणसे. अशाच एका वस्तीतल्या शाळकरी पोरांवर १९७५ साली एक चित्रपट निघाला. त्याचे नाव ‘कूली हाय’. दिग्दर्शक मायकेल शुल्ट्झ. कथा लिहिणारे एरिक माँटी स्वतः त्याच वस्तीत वाढलेले.

गोष्ट १९६४ सालची आहे. प्रीच आणि कोचीझ हे जिवलग दोस्त. शाळा बुडवायची, चालत्या बसला मागून लोंबकळायचे, नाचगाणे करायचे, असे त्यांचे दिवस चाललेले. प्रीचला मार्क कमी पडतात, पण तो कविता वाचतो, लिहितो. कोचीझ बास्केटबॉलमध्ये तरबेज, त्याला कॉलेजची शिष्यवृत्ती मिळते. म्हणजे दोघांनाही वस्तीबाहेरची वाट दिसू लागलेली, बरं का!

आणि इथेच घात होतो. दोन उनाड सोबत्यांच्या नादाने ते चोरीच्या मोटारीत बसतात. पोलीस चौघांनाही पकडतात. शाळेतले मेसन मास्तर धावून जातात, शब्द टाकतात आणि आपल्या दोघांना सोडवतात. उरलेले दोघे कोठडीतच राहतात. त्यांना वाटते, यांनीच आपली नावे सांगितली. बाहेर आल्यावर ते कोचीझला गाठतात. त्या मारहाणीत तो मरतो.

आता पहा, मास्तरांचे काही चुकले का? मुळीच नाही. पण ज्यांच्यासाठी शब्द टाकायला कुणीच नव्हते, त्यांच्या मनात विष साचले. हे चित्रपट उपदेश न करता दाखवतो. त्या काळी कृष्णवर्णीयांच्या पुष्कळ चित्रपटांत बंदुका आणि गुंडच असायचे. इथे मात्र हसणारी, चुकणारी, स्वप्ने पाहणारी पोरे दिसतात. २०२१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला.

शेवटी प्रीच मित्राच्या थडग्यापाशी एकटा उभा राहतो, त्याचा निरोप घेतो, आणि लेखक व्हायला गाव सोडतो. शिक्षक बंधुभगिनींनो, कमी मार्कांच्या मुलाच्या दप्तरात कवितेची वही असू शकते. ती कधीतरी मागून पहावी. आणि ज्याच्या दप्तरात काहीच नसते, त्याच्यासाठीही शब्द टाकणारे कुणीतरी हवे.