आंबा कच्चाच घरी आणा

निफाडला आंब्याचा मुलूख कुणी म्हणत नाही. इथं द्राक्ष, कांदा, ऊस आणि गहू. पण बागांची काढणी उरकते, नवा गहू कोठीत पडतो आणि आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, नैवेद्याला आमरस हवा म्हणून घरोघरी आंब्याची चौकशी सुरू होते. आधी कोकणातला हापूस येतो, मे सरत आला की केशर आणि त्याच्या मागोमाग गावरान. पूर्वी बांधाबांधावर गावरान झाडं होती. शेंद्र्या, खोबऱ्या, शेप्या अशी एकेकाला नावं होती. सावली नको, ट्रॅक्टरला वाट हवी म्हणून द्राक्षबागांच्या काठची बरीच झाडं गेली. याची मला मनापासून हळहळ वाटते.

द्राक्ष पिकवणाऱ्या माणसाला आंबा विकत घेताना एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी लागते. घड वेलीवरून उतरला की त्याची गोडी तिथेच थांबते, म्हणून बागाईतदार साखर मोजल्याशिवाय कात्री लावत नाही. आंब्याचं तसं नाही. पूर्ण भरलेला कच्चा आंबा झाडावरून उतरल्यावर स्वतःच इथिलीन वायू सोडतो आणि त्यातल्या पिठाची साखर होऊ लागते. म्हणजे पिकवण्याचं अर्धं काम आपल्या घरात व्हायचं असतं. ते आपण करावं, हे माझं ठाम मत आहे. दुकानातला एकसारखा पिवळाधमक ढीग पाहून मी पुढे जाते.

मात्र कच्चा आंबा घ्यायचा तो भरलेला. देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे देठापेक्षा वर आलेले हवेत, म्हणजे देठ किंचित खळग्यात बसलेला दिसतो. खांदे उतरते असतील तर फळ कोवळं आहे. ते पिकत नाही, सुरकुततं आणि आंबट राहतं. शंका असेल तर घरी बादलीभर पाण्यात सोडून पाहावं. तयार फळ तळाशी जातं, कोवळं तरंगतं. देठाचा छोटा तुकडा राहिलेला असला तर उत्तम. देठ उपटला की चीक सालीवर ओघळतो आणि तिथे काळे डाग पडतात. पिकलेला आंबा घ्यायची वेळ आली तर रंगाकडे फार पाहू नये, देठाजवळ नाक न्यावं. "ताई, दाबू नका, वास घ्या," असं सांगणारा विक्रेता भेटला तर त्याच्याकडूनच घ्यावं. दाबलेल्या जागी आंबा आतून नासतो. हापूसमधला साका, म्हणजे आतला बिघडलेला गर, मात्र कुणालाच बाहेरून ओळखता येत नाही; तो कापल्यावरच कळतो.

आंबे पिकवायच्या अढीला भाताचा पेंढा चांगला, पण तो इगतपुरीकडचा. आमच्याकडे गव्हाचा भुसा किंवा कोरडं गवत चालतं. जमिनीवर थर द्यायचा, आंबे एकमेकांना न टेकता मांडायचे, वर पुन्हा थर आणि त्यावर बारदान. आजी नव्या गव्हाच्या कोठीतच आंबे पुरायची, तेही छान पिकायचे. जागा निवडताना काळजी घ्यावी. पत्र्याच्या किंवा तापलेल्या स्लॅबखालच्या वरच्या खोलीत आंबा पिकतो कमी आणि उकडतो जास्त. खालची, वाऱ्याची, उन्हाची तिरीप न येणारी खोली हवी. रोज बारदान उचलून हात फिरवायचा. पिकलेला बाजूला काढायचा, नासलेला तर लगेच, कारण एकाची कूज शेजाऱ्याला लागते.

इथं सगळ्यांत मोठी चूक होते ती फ्रिजची. द्राक्षं शीतगृहात शून्य अंशाजवळ ठेवतात, ती टिकतात. कच्च्या आंब्याला तेवढा गारवा सोसत नाही. दहा-बारा अंशांच्या खाली त्याची साल काळवंडते आणि नंतर तो नीट पिकत नाही. आधी पूर्ण पिकू द्या, मगच फ्रिजमध्ये, आणि खाण्याआधी थोडा वेळ बाहेर. साल किंचित सुरकुतलेला हापूस टाकून देऊ नका, तो बहुधा सर्वांत गोड निघतो. रस साठवायचा असेल तर पाणी न घालता, एका जेवणाला पुरेल एवढ्या छोट्या डब्यांत गोठवावा. गावरान आंबा मात्र मिक्सरमध्ये घालू नये. हातानं पिळून, कोयी थोड्या दुधात धुऊन काढलेल्या रसाला वेगळीच चव असते. वर तूप आणि सुंठ, ताटात पुरणपोळी आणि कुरडया.

कोय फोडली की कधी आत काळा भुंगा निघतो. फळ बाहेरून निर्दोष दिसतं, म्हणूनच परदेशात त्याची धास्ती. आपल्या तालुक्यातल्या लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झालं, ते मुळात कांद्याला कोंब येऊ नयेत म्हणून. २००७ मध्ये इथूनच कोबाल्ट-६०चे किरण देऊन भारतीय आंबा पुन्हा अमेरिकेला जाऊ लागला. १९८९ पासून तिथे त्याला बंदी होती. किमान ४०० ग्रे मात्रेनं कोयीतल्या किडीची वाढ आणि प्रजनन थांबतं, फळ किरणोत्सर्गी होत नाही.

आपल्या घरच्या आंब्याला ते किरण लागत नाहीत, पण एक धोका मात्र चुकवता येतो. कॅल्शियम कार्बाईडनं फळं पिकवण्यास कायद्यानं बंदी आहे, तरी बंद पेटीच्या तळाला त्याच्या पुड्या सापडतात. म्हणून पेटी उघडूनच घ्या, आत पुडी दिसली तर परत करा, आणि विक्रेत्याला सरळ सांगा: कच्चा, भरलेला आंबा द्या, आम्ही घरी पिकवू.