अकरावीची ताई, आठवीचा अभ्यास

आपल्या वस्तीतली अकरावी-बारावीची कितीतरी मुलेमुली राष्ट्रीय सेवा योजनेत आहेत. वर्षाला १२० तास सेवा, शिवाय सात दिवसांचे शिबिर. यातले बरेच तास झाडलोट आणि रॅलीत जातात. झाडलोट वाईट नाही, पण ती आपल्या पिढ्यांनी पुष्कळ केली.

त्यातले काही तास विहारात आठवीच्या मुलांची ‘एनएमएमएस’ परीक्षेची तयारी करून घेण्यासाठी वापरा. सरकारी, जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळांतली, साडेतीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतली मुले या परीक्षेला बसू शकतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. एवढ्यावर एखाद्या मुलीचे शिक्षण टिकते. बौद्धिक क्षमता चाचणीचे ९० प्रश्न रोजच्या धड्यांत नसतात, सरावानेच जमतात. सरांना विचारायला लाजणारी मुले शेजारच्या ताईला बिनधास्त विचारतात.

अर्ज शाळेमार्फतच जातो, म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच मुख्याध्यापकांना भेटा. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जातीच्या मुलांना ५० चालतात. आणि हो, कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांची परवानगी आधीच घ्या. नंतर सांगितलेले तास नोंदवहीत चढवून घेणे अवघड जाते.