खर्जाचा खर्च

शीर्षक वाचून हा लेख अर्थशास्त्राचा की संगीताचा, असा प्रश्न वाचकांना पडेल. तो थोडाथोडा दोन्हींचा आहे. बास गिटार हे वाद्य आणि घरच्या घरी ध्वनिमुद्रण करण्याचे साहित्य मोजक्या पैशांत कसे निवडावे, हे सांगण्याचा येथे विचार आहे. आमच्या घरात हार्मोनियमसुद्धा कधी नव्हती. तेव्हा मी या विषयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण चुकीच्या खरेदीत चौघांचे पैसे एकदा बुडाले की माणूस आपोआप अभ्यासाला लागतो.

घडले ते असे. आमच्या एका वर्गमित्राचे वडील भीमगीते गातात. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांची गाणी त्यांना तोंडपाठ आहेत, आणि शिवाय त्यांच्या स्वतःच्या रचना आहेत, ज्या कोठेच लिहिलेल्या नाहीत. आता त्यांचे वय साठीपुढे गेले आहे आणि पूर्वीचा दम राहिलेला नाही. म्हणून आम्ही ती गाणी मोबाईलवर मुद्रित केली. ऐकून पाहतो तो आवाज पातळ, आणि ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी! तिची डावी, घुमणारी बाजू जणू कोणी कापून नेली होती. मोबाईल मुळात बोलण्यासाठी केलेला असतो. आवाज चढला की तो आपोआप दाबतो, आणि खालचे स्वर त्याच्या लेखी फारसे महत्त्वाचे नसतात. गाण्याखालची जमीनच गेली होती. ती जमीन पुन्हा घालावी, या विचारातून बास गिटार डोक्यात शिरली.

आपल्याकडील बेंजो पार्टीत किंवा ऑर्केस्ट्रात बास गिटार क्वचितच दिसते. ते काम कीबोर्डवाल्याचा डावा हात उरकतो. हिंदी चित्रपटसंगीतात मात्र तिला मानाचे स्थान होते. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ ती वाजवीत. गाणे ऐकताना आपण गायकाकडे लक्ष देतो, पण पायाने ठेका धरतो तो बहुधा या वाद्याच्या सांगण्यावरून.

वाद्य तसे साधे आहे. चार जाड तारा असतात आणि त्या साध्या गिटारीच्या खालच्या चार तारांपेक्षा एक सप्तक खाली लावतात. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये ‘प्रिसिजन’ बास बाजारात आणली. तोपर्यंत हे काम माणसाएवढ्या उंच, उभ्या वाद्यावर चाले. त्याला पडदे नसल्याने स्वर अंदाजाने शोधावा लागे. फेंडरने पडदे बसविले आणि स्वर अचूक लागू लागला, म्हणून हे नाव. त्या गिटारीवर तारेची मोकळी लांबी ३४ इंच होती आणि तेच माप आज सर्वसाधारण मानले जाते.

या ३४ इंचांपाशीच नवशिक्याची पहिली अडचण होते. बोटे लहान असतील तर पहिल्या चार पडद्यांवर हात पुरत नाही. अशांसाठी ३० इंची वाद्ये मिळतात, आणि आयबानेझची ‘मिक्रो’ तर २८.६ इंचांची आहे. लहान माप म्हणजे मुलांचे खेळणे, असा समज करून घेऊ नये. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे जी हॉफनर बास घेतली ती ३० इंचीच होती. ती घेण्याचे कारणही आपल्याला पटण्यासारखे आहे. फेंडर शंभर पौंडांच्या घरात जात होती, हॉफनर तीस पौंडांच्या आसपास मिळाली. शिवाय ते डावखुरे, आणि या वाद्याचा आकार दोन्ही बाजूंनी सारखा, त्यामुळे उलटे धरले तरी वाईट दिसत नव्हते!

आमचा पहिला प्रयोग मात्र फसला. सोयाबीन काढणीची मजुरी आणि शिष्यवृत्तीतून वाचलेले पैसे मिळून आम्ही साडेसहा हजारांची एक नवी गिटार घरबसल्या मागविली. कोणाकडून, ते येथे सांगत नाही. दिसायला लालभडक, चकचकीत. पण मानेला बाक होता. खालच्या पडद्यांवर स्वर बरा लागे. बाराव्या पडद्यापाशी गेलो की बेसूर. परत पाठविण्याची मुदत आम्ही खुंट्या पिळण्यात घालविली. तीन आठवडे मला वाटत होते की माझ्याच कानात दोष आहे. नवशिक्या माणसाचे खरे नुकसान हेच. वाद्य खोटे असते आणि तो स्वतःला खोटा समजतो.

तेव्हा बास हाती घेतल्यावर काय पाहावे, हे थोडे विस्ताराने सांगतो. प्रथम जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी आणि मध्ये, सातव्या-आठव्या पडद्याजवळ, तार व पडदा यांत किती फट राहते ते पाहावे. जाड कागद जाईल इतकी फट ठीक. मुळीच नसेल किंवा डोळ्यांत भरेल इतकी असेल, तर मान वाकलेली आहे. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. ती फिरवून थोडा बाक काढता येतो, पण मान पिळवटलेली असेल तर तो नाद सोडावा. दुसरी परीक्षा बाराव्या पडद्याची. तेथे तारेला बोट नुसते हलके टेकवून एकदा छेडावे आणि मग तार पूर्ण दाबून छेडावे. दोन्ही स्वर एक आले पाहिजेत. मोबाईलवर स्वर मोजण्याची साधने फुकट मिळतात, त्यामुळे कानावर विश्वास नसला तरी चालेल. यानंतर प्रत्येक पडद्यावर प्रत्येक तार वाजवावी. कंटाळवाणे काम आहे, पण एखादा मुका किंवा झणझणणारा पडदा असाच सापडतो. शेवटी बटणे फिरवून खरखर ऐकावी. खरखर हा किरकोळ दोष आहे. त्याचा उपयोग भाव पाडण्यासाठी करावा.

ही परीक्षा चित्र पाहून होत नाही. वाद्य हातात घ्यावे लागते. म्हणून आम्ही दुसऱ्या वेळी नांदेडला जाऊन एका वादकाकडून वापरलेली यामाहा साडेबारा हजारांत घेतली. नामांकित कंपन्यांच्या प्राथमिक दर्जाच्या नव्या बास आज साधारण पंधरा ते वीस हजारांपर्यंत जातात. चार वर्षे वापरलेले चांगले वाद्य हे नव्या वाईट वाद्यापेक्षा केव्हाही बरे, कारण लाकडाला जो काय बाक यायचा तो बहुधा येऊन गेलेला असतो. तरी मे महिन्यात ते पत्र्याच्या भिंतीला टेकवून ठेवू नये.

आता खर्चाच्या दुसऱ्या भागाकडे वळू. गिटार घेतली की अॅम्प्लिफायर घ्यावाच लागतो, असे सर्वजण सांगतात. केवळ ध्वनिमुद्रण करावयाचे असेल तर तो घेऊ नये, असे माझे मत झाले आहे, आणि त्याचे कारण खोलीत आहे.

एकेचाळीस कंपनांच्या स्वराची एक लाट सुमारे सत्तावीस फूट लांब असते. आपली खोली दहा बाय बारा! भिंतींमध्ये हा स्वर मोकळा मावतच नाही. ज्या स्वराची अर्धी लाट भिंतींमधल्या अंतराइतकी भरते, तो मात्र खोलीत अवास्तव घुमतो. दहा फुटांसाठी हिशेब केला तर उत्तर येते सुमारे ५६ कंपने, म्हणजे जवळजवळ बासची दुसरी तार. त्यामुळे अॅम्पसमोर माइक ठेवून मुद्रण केले तर ती एक तार गर्जते आणि शेजारचे स्वर दबतात. भिंतींना गोधड्या लावून हे थांबत नाही. गोधडी वरचे स्वर शोषते, सत्तावीस फुटी लाटेला ती जुमानत नाही.

यावर उपाय म्हणजे बासला खोलीत येऊच न देणे. गिटारीतून निघणारी वीज सरळ तारेने यंत्रात न्यावी. अमेरिकेतील डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत असेच चाले. तिचा स्टुडिओ म्हणजे १९५९ मध्ये घेतलेले एक राहते घर होते. मागे पूर्वी छायाचित्रकाराची जागा होती, तेथे मुद्रण होई. तिथले बासवादक जेम्स जेमर्सन उजव्या हाताचे एकच बोट वापरीत, तारा क्वचितच बदलीत, आणि त्यांची बास तारेनेच मुद्रणयंत्रात जाई. साऱ्या जगाने ऐकलेली गाणी त्या घरात झाली.

गिटार आणि लॅपटॉप यांच्यामध्ये जे उपकरण लागते त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. बेहरिंजरचे लहान इंटरफेस पाच-सहा हजारांत, फोकसराइटचे त्याच्या साधारण दुप्पट किमतीत मिळतात. त्यात एकच गोष्ट आवर्जून पाहावी. वाद्यासाठी वेगळे छिद्र किंवा ‘इन्स्ट्रुमेंट’ असे बटण हवे. गिटारीतील चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यातून निघणारी वीज अगदी नाजूक असते. साध्या छिद्रात ती घातली की वरचे स्वर गळतात आणि तार ओल्या दोरीसारखी वाजते. आम्ही आधी अडीचशे रुपयांच्या जोडणीने गिटार थेट मोबाईलला लावून हा अनुभव घेतला आहे. लॅपटॉपवरील कामासाठी ऑडॅसिटी फुकट आहे. रीपर साठ दिवस वापरून पाहता येते, आणि नंतर वैयक्तिक वापरासाठी साठ डॉलर पडतात.

सर्व जोडून झाल्यावर आमच्या कानी आली ती गुणगुण. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० फेरे घेते, म्हणून तिची गुणगुण ५० कंपनांची, आणि तिच्या पटीत १००, १५० अशी. बासची जाड तार ४१ वर, पुढची ५५ वर. म्हणजे हा पाहुणा बरोबर दोघींच्या मध्ये येऊन बसतो. काका गातात काळी एकमध्ये. तिचा खालचा पंचम येतो जवळपास ५२ वर. म्हणजे सबंध गाणेभर एक उतरलेला पंचम आमच्या घरची वीज स्वतःहून धरून बसली होती! काकांनी दोन ओळी गायल्या, थांबले, आणि म्हणाले, “पोरांनो, हे कोण बेसूर गातंय?” आमच्यापैकी कोणालाच तोवर ते कळले नव्हते.

खेड्यातील पुष्कळ घरांत तीन छिद्रांचे सॉकेट असते, पण वरच्या मोठ्या छिद्राला मागे तारच जोडलेली नसते. अर्थिंग नसले की ही गुणगुण वाढते आणि धक्का बसण्याचा धोकाही राहतो. ते काम वायरमनकडूनच करून घ्यावे. प्लगची पिन तोडून जुगाड करू नये. अर्थिंग होईपर्यंत आम्ही चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवू लागलो आणि निम्म्याहून अधिक त्रास गेला. वीज गेलेली असली तर उत्तमच. पंखा बंद, शेजारचा टीव्ही बंद, पिठाची गिरणी बंद. भारनियमनाचे आभार मानणारे आम्हीच असू.

ऐकण्यासाठी स्पीकर न घेता हेडफोन घ्यावेत. कारण तेच, खोली. स्पीकरवर घुमणारी तार ऐकून आपण बास कमी करतो आणि दुसऱ्याच्या घरी ती गायब झालेली असते. कान पूर्ण झाकणारे, मुद्रणासाठी बनविलेले हेडफोन पाच हजारांच्या आसपास मिळतात. गाणी ऐकण्यासाठी मुद्दाम खर्ज वाढविलेले घेऊ नयेत. मात्र आपली माणसे शेवटी मोबाईलवरच ऐकणार. मोबाईलचा इवलासा स्पीकर ४१ कंपनांचा स्वर काढू शकत नाही, तरी बास ऐकू आल्यासारखी वाटते. याचे कारण, प्रत्येक तारेच्या मूळ स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर निघत असतात. ते कानी पडले की मेंदू खालचा मूळ स्वर स्वतः भरून घेतो. हे वरचे स्वर नव्या तारांत भरपूर असतात. जेमर्सनच्या जुन्या तारा त्यांना लखलाभ. मोबाईलवर ऐकणाऱ्यांसाठी तारा ताज्या हव्यात. तयार गाणे आम्ही हेडफोनवर, मोबाईलवर आणि शेवटी ट्रॅक्टरवरच्या स्पीकरवर वाजवून पाहतो. ट्रॅक्टरचा मालक सहसा नाही म्हणत नाही.

माइकबद्दल थोडक्यात. गोंगाटाच्या जागी डायनॅमिक जातीचा माइक बरा. तो जवळचे ऐकतो आणि दूरचे सोडून देतो. शूअर कंपनीचा १९६६ पासून चालत आलेला एसएम ५८ प्रसिद्ध आहे, पण आम्ही त्याहून स्वस्तातला घेतला. गायकाच्या मागे दोरीवर दोन गोधड्या टाकाव्यात. आवाजाच्या बाबतीत त्या खरोखर उपयोगी पडतात. साधन साधे असले म्हणून मुद्रण कमी मोलाचे होत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्याखेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमविल्या आणि त्यांतील कित्येक गाणाऱ्या बायांच्या आवाजातच मुद्रित झाल्या.

आमचा हिशेब असा झाला. गिटार १२,५०० रुपये, इंटरफेस ६,०००, हेडफोन ५,२००, माइक व स्टँड ४,३००, वायर आणि तारांचा एक संच १,८००. एकूण २९,८०० रुपये. लॅपटॉप एका मित्राच्या भावाचा आहे आणि रविवारीच मिळतो. बुडालेले साडेसहा हजार यात धरलेले नाहीत. ती लाल गिटार मात्र आहे, आणि मानेचा बाक कसा ओळखावा हे दाखविण्याच्या कामी येते.

काकांची सात गाणी आजवर मुद्रित झाली. पाच त्यांची स्वतःची आहेत. पहिले गाणे ट्रॅक्टरवर ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ढोलकी थोडी वाढवा आणि तुमची ती गिटार थोडी कमी करा, असे त्यांनी सुचविले. आम्ही तसे केले, आणि गाणे खरोखरच सुधारले. पुढची चार गाणी त्यांना काळी एकऐवजी पांढरी एकमध्ये गायची आहेत, कारण वरचा स्वर आता पोचत नाही. बासला त्यात काही अडचण नाही. हात एक पडदा खाली आणायचा, इतकेच. कोणाला साहित्य पाहावयाचे असेल तर त्यांनी रविवारी दुपारी, वीज गेल्यावर यावे.