‘ईदनंतर बघू’ : कामं पुढे का ढकलली जातात आणि ती सुरू कशी करावीत

‘ईदनंतर बघू.’ ‘मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग बसू.’ ‘पावसाळा गेला की नक्की.’ ही वाक्यं कोणत्या घरात बोलली जात नाहीत? बऱ्याचदा त्याने फारसं बिघडतही नाही. भिंतीला रंग दोन महिने उशिरा लागला तर काय झालं? पण काही कामं अशी असतात की त्यांच्यावर एकदा ‘मग बघू’चा शिक्का बसला की तो पिढ्यानपिढ्या निघत नाही. वडिलांच्या माघारी राहिलेल्या घराची वाटणी हे त्यातलंच एक.

एक उदाहरण घेऊ. नाव कोणाचं नको, कारण असं घर बहुतेक मोहल्ल्यांत सापडेल. अब्बांचा इंतकाल झाला. मागे अम्मी, दोन भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण. मालमत्ता म्हणजे राहतं घर. पहिले काही महिने दुःखात गेले, तेव्हा विषय काढणं कोणालाच बरं वाटलं नाही. मग रमजान आला, मग धाकट्याचं लग्न निघालं. आता दहा वर्षं झाली, घराच्या कागदावर अजून अब्बांचंच नाव आहे. मोठा भाऊ पाच वक्तचा नमाजी आहे, बेईमान अजिबात नाही. कोणी विचारलं तर म्हणतो, ‘बहिणीचा हिस्सा आहेच, कोण नाही म्हणतंय?’

मग अडलंय कुठे?

हिशेब तर दहा मिनिटांचा आहे

आधी हे काम खरंच अवघड आहे का, ते पाहू. दफनविधीचा खर्च, मयताचं कर्ज (पत्नीचा मेहर द्यायचा राहिला असेल तर तोही कर्जच) आणि जास्तीत जास्त एक तृतीयांश मालमत्तेपर्यंतची वसीयत, हे आधी वेगळं काढायचं. उरलेल्यातून मुलं असताना पत्नीला आठवा हिस्सा, आणि बाकीचं मुला-मुलींत दोनास एक या प्रमाणात. आजी-आजोबा हयात नसतील तर वरच्या घराचे ४० भाग होतात : अम्मीचे ५, प्रत्येक भावाचे १४ आणि बहिणीचे ७. सुन्नी फिकहनुसार हिशेब एवढाच. आपल्या भागातल्या जाणकार आलिमकडून तो एकदा तपासून घेतला की झालं.

म्हणजे अडचण गणिताची नाही. वेळेचीही नाही, कारण दहा वर्षांत प्रत्येकाला शेकडो रविवार मिळाले. अडचण आहे ती बहिणीला करायच्या एका फोनची. ती काय म्हणेल? मेहुणे काय बोलतील? घर विकावं लागेल का? तिचे पैसे द्यायचे तर आणायचे कुठून? फोन हातात घेतला की हे सगळे प्रश्न एकदम छातीवर येऊन बसतात. फोन खाली ठेवला की लगेच हलकं वाटतं.

टाळाटाळीचं मूळ त्या हलकं वाटण्यात आहे.

आळस वेगळा, टाळाटाळ वेगळी

आळशी माणसाला काम करायचंच नसतं आणि त्याची त्याला खंतही नसते. टाळाटाळ करणाऱ्याला काम करायचं असतं. ते राहिल्याचं त्याला रोज टोचत असतं, तरीही हात पुढे होत नाही. फ्यूशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २०१३ साली हे नेमकेपणाने मांडलं. त्यांच्या मते माणूस कामापासून पळतो असं दिसतं, पण तो पळत असतो त्या कामाने मनात उठणाऱ्या भीतीपासून, कंटाळ्यापासून, शरमेपासून. काम पुढे ढकललं की ती भावना तेवढ्यापुरती शांत होते. मनाला या आरामाची चटक लागते आणि पुढच्या वेळी ते आपोआप तीच वाट धरतं.

हा आराम उसनवारीचा असतो. डायान टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कॉलेजच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. सत्राच्या सुरुवातीला कामं पुढे ढकलणारी मुलं इतरांपेक्षा निवांत होती. सत्र संपत आलं तेव्हा त्यांचा ताण आणि तब्येतीच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त निघाल्या, गुणही कमी पडले.

म्हणून पुस्तक न उघडणाऱ्या मुलाला ‘आळशी कुठला’ म्हणून उपयोग होत नाही. त्या पुस्तकाची त्याला आधीच भीती वाटत असते, त्यात आपल्या बोलण्याची भर पडते. त्यापेक्षा शेजारी बसून ‘यातलं कोणतं गणित अडतंय, दाखव’ एवढं विचारलं तर पुस्तक लवकर उघडेल.

‘इन्शाअल्लाह’ म्हणजे ‘नाही’ नव्हे

टाळाटाळीला अरबीत ‘तस्वीफ’ म्हणतात. हा शब्द ‘सौफ’वरून आलाय, म्हणजे ‘पुढे करीन’. ‘करीन, करीन’ म्हणत राहणं, असा त्याचा सरळ अर्थ.

आपल्याकडे हे काम बिचाऱ्या ‘इन्शाअल्लाह’कडून करून घेतलं जातं. ‘येता का?’ ‘इन्शाअल्लाह.’ समोरचा समजून जातो, हा काही येत नाही. वास्तविक सूरह कहफमधली शिकवण अशी की उद्या एखादी गोष्ट करायचं ठरवलं तर ती अल्लाहच्या इच्छेवर सोपवून बोलावं. म्हणजे आधी इरादा पक्का हवा, मग इन्शाअल्लाह. इरादाच नसेल तर आपण एका पवित्र शब्दाआड आपली टाळाटाळ लपवतोय. वसीयतीबाबत तर हदीसमध्ये दोन रात्रीही लिहिल्याशिवाय जाऊ देऊ नका, अशा अर्थाची ताकीद आहे. इथे आपण दहा-दहा वर्षं घालवतो.

उशिराची किंमत कोण मोजतो?

पुन्हा त्या घराकडे येऊ. काही वर्षांनी अम्मीही गेल्या असं समजा. त्यांचे ५ भाग मुलांत वाटले जातील : दोन्ही भावांना २-२, बहिणीला १. आता भावांचे १६-१६ आणि बहिणीचे ८. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर एखादा भाऊ गेला तर त्याच्या १६ भागांत त्याची पत्नी आणि सगळी मुलं येतात. एक मुलगा आखातात, एक मुलगी पुण्यात, एक नातू अजून अज्ञान. फिकहमध्ये या गुंतागुंतीला ‘मुनासखा’ म्हणतात. जे काम चार माणसांनी एका खोलीत बसून झालं असतं, त्याला आता दहा-बारा सह्या लागतात.

आणि सगळ्यात मोठी किंमत बहीण मोजते. तिच्या मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती तेव्हा तो हिस्सा कागदावरही नव्हता. तिने मागितला नाही, कारण मागितलं तर माहेर तुटेल ही तिला भीती. भावाने दिला नाही, कारण विषय काढायची त्याला भीती. दोघंही चांगली माणसं, आणि हक्क मात्र बुडाला. भावाची नियत साफ होती, यावर तिची फी भरली जात नाही.

मग सुरुवात कशी करायची?

पहिली गोष्ट, भीतीला आकडा द्या. ‘घराचं बघायचंय’ हा डोंगर आहे. समजा घराची किंमत २० लाख निघाली, तर बहिणीचे ७ भाग म्हणजे साडेतीन लाख. अम्मीचे अडीच आणि भावांचे सात-सात लाख. ‘घर विकावं लागेल’ ही भीती आणि ‘साडेतीन लाख द्यायचेत’ हा हिशेब, यात फार फरक आहे. हिशेबाचे हप्ते होतात, ते बहिणीच्या राजीखुशीने लिहून ठेवता येतात. भीतीचे हप्ते होत नाहीत.

दुसरी, पहिलं पाऊल इतकं लहान ठेवा की नाही म्हणायला जागा उरू नये. आज फक्त घराचे कागद एका पिशवीत जमा करा. उद्या वारसांची नावं एका कागदावर लिहा. थोडा का होईना, पण नेमाने केलेला अमल अल्लाहला जास्त प्रिय, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ते अशा कामांनाही लागू करून पाहा.

तिसरी, ‘लवकरच’ म्हणू नका, वेळ आणि जागा ठरवा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी १९९९ साली मांडलेलं सूत्र असं की ‘अमुक वेळ झाली की मी अमुक करीन’ असं आधीच ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता वाढते. आपल्याला तर दिवसाच्या पाच खुणा आयत्या मिळाल्यात. ‘रविवारी असरची नमाज झाली की मशिदीतून घरी येण्याआधी बहिणीला फोन’, असं ठरवा.

चौथी, मुदत दुसऱ्याच्या हाती द्या. डॅन अरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या २००२ सालच्या एका प्रयोगात तीन मजकुरांतल्या चुका शोधायच्या होत्या. ज्यांना ठरावीक अंतराने मुदती दिल्या होत्या त्यांचं काम सर्वांत चांगलं झालं. स्वतः मुदती ठरवणारे त्यांच्या खालोखाल, आणि शेवटी एकच मुदत असलेले सर्वांत मागे. तेव्हा मामूंना किंवा विश्वासातल्या एखाद्या बुजुर्गांना सांगून ठेवा, ‘पुढच्या जुम्माला मला विचारा.’

पाचवी, झालेल्या उशिराबद्दल स्वतःला कोसत बसू नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात, पहिल्या परीक्षेच्या वेळी टाळाटाळ केलेल्या ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी टाळाटाळ केली. कारण सरळ आहे. ‘दहा वर्षं झाली, आता कोणत्या तोंडाने फोन करू?’ ही शरमच अकरावं वर्ष घालवते. तौबा करणारा माणूस मागे बघून थांबत नाही, वळून चालू लागतो.

थांबणं कधी योग्य?

प्रत्येक उशीर म्हणजे टाळाटाळ नव्हे. मशवरा घेणं, इस्तिखारा करणं, एखाद्या कागदाची वाट पाहणं याला सब्र म्हणतात. फरक ओळखायला स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी नेमकं कशाची वाट पाहतोय, आणि ते कोणत्या तारखेला कळेल? उत्तर देता आलं तर थांबा. ‘बघू’ एवढंच उत्तर आलं तर उठा.

बहिणीला फार काही सांगायचं नाही. ‘घराचं राहून गेलंय माझ्याकडून. रविवारी अम्मीकडे ये, बसून लिहून काढू.’ एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतं. आज असर व्हायला अजून वेळ असेल, तर तोवर कागदांची पिशवी शोधून ठेवा. अल्लाह आपल्या सर्वांना हक्क वेळेत पोचवण्याची तौफिक देवो. आमीन.