दारिद्र्य म्हणजे दुर्लक्ष नव्हे

कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनापासून इंडिया गेट हाकेच्या अंतरावर आहे. तेथे रस्त्यावर दिवस काढणारी मुले आपल्या अधिकाऱ्यांना नवी नाहीत. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार रस्त्यावर राहणारे मूल आणि घरात मारहाण सोसणारे मूल, दोघेही ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ ठरतात. खरा पेच येथूनच सुरू होतो.

अध्यक्ष व चार सदस्यांच्या बालकल्याण समितीपुढे पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल यावा, अशी तरतूद आहे. उत्पन्न, निवारा, व्यसने, नातेसंबंध अशा नोंदींवरून कुटुंबाची पारख होते. मात्र ऊसतोडीसाठी पालावर राहणाऱ्या आईची अगतिकता आणि बेपर्वाई यांतील फरक रकान्यांत मावत नाही.

दारिद्र्यालाच दोष मानण्याची ही खोड जुनी आहे. १९५९ चा मुंबईचा भिक्षा प्रतिबंधक कायदा दिल्लीलाही लागू झाला. भीक मागणे गुन्हा ठरविणाऱ्या त्यातील तरतुदी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरविल्या.

मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय, असे बालन्याय कायदाच बजावतो. ‘मिशन वात्सल्य’मध्ये प्रायोजकत्वापोटी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. हिंसाचाराचा धोका असेल, तर मुलाला तत्काळ हलवावेच. परंतु उणीव केवळ पैशाची असेल, तर मुलाऐवजी मदत हलली पाहिजे. अहवालावर सही करण्यापूर्वी समितीने एवढे एकच विचारावे: हे कुटुंब घातक आहे, की नुसतेच गरीब?