स्नायु-स्थानांतरण शस्त्रक्रिया
तंत्रिकेला (मज्जातंतूला) कायमची इजा होऊन निकामी झालेल्या स्नायूचे कार्य दुसऱ्या सुदृढ स्नायूकडे सोपविण्याच्या शस्त्रक्रियेस स्नायु-स्थानांतरण म्हणतात. पुष्कळदा संपूर्ण स्नायू न हलविता त्याची केवळ कंडरा (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) सोडवून नव्या जागी शिवतात. यास कंडरा-स्थानांतरण असे नाव आहे. बाहू व हात यांच्या पक्षाघातात या उपचाराचा विशेष उपयोग होतो.

कारणे : बाहूच्या स्नायूंना चेतना पुरविणाऱ्या तंत्रिका मेरुरज्जूपासून निघून मानेच्या खालच्या भागात परस्परांत गुंतलेले जाळे बनवितात. मोटारसायकलवरून पडताना मान एकीकडे व खांदा दुसरीकडे ओढला गेल्यास हे जाळे ताणले जाते, तुटते किंवा त्याची मुळे मेरुरज्जूपासून उपटली जातात. अवघड प्रसूतीत अर्भकालाही अशी इजा होऊ शकते. दंडाच्या हाडाचा अस्थिभंग, खोल जखमा व कुष्ठरोग ही अन्य कारणे होत.

कालमर्यादा : जोडलेली तंत्रिका दररोज सु. १ मिमी. वाढते. चेतनेवाचून राहिलेला स्नायू मात्र क्षीण होत जातो आणि सु. १२ ते १८ महिन्यांनंतर तंत्रिका पोहोचली, तरी तो आकुंचन पावत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष तंत्रिकेवरील शस्त्रक्रिया पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होणे इष्ट असते. सोलापूर–धुळे महामार्गावरील चौसाळा (जि. बीड) यासारख्या गावातील अपघातग्रस्तास हा उपचार मिळण्यासाठी बहुधा मोठ्या शहरी जावे लागते. डोक्याची इजा व मोडलेली हाडे यांच्या उपचारात महिने गेल्यास ही संधी हुकते. सुदृढ स्नायूचे स्थानांतरण त्यानंतरही करता येते, हे त्याचे मुख्य महत्त्व होय.

तत्त्वे : सांधे लवचिक असावे लागतात. निवडलेला स्नायू बलवान असावा, कारण स्थानांतरानंतर त्याची शक्ती काहीशी घटते. तो काढल्याने मूळ जागी मोठे वैगुण्य येऊ नये. त्याची ओढ शक्यतो सरळ रेषेत असावी आणि त्याच्यावर एकच कार्य सोपवावे.

प्रकार : कोपर वाकविण्यासाठी पाठीचा किंवा छातीचा रुंद स्नायू दंडावर आणतात. जवळ योग्य स्नायू नसल्यास मांडीच्या आतील बाजूचा सडपातळ स्नायू काढून सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तवाहिन्या व तंत्रिका बाहूत जोडतात. खांद्याच्या पक्षाघातावरील स्थानांतरणांचे विवेचन कोलकात्याचे अस्थिशल्यविशारद ए. के. साहा यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केले. मनगट लुळे पडल्यास हाताचा पंजा पालथा करणाऱ्या स्नायूची कंडरा मनगट उचलणाऱ्या कंडरेस जोडतात.

भारतातील कार्य : कुष्ठरोगात बोटे आखडून हात पक्ष्याच्या पंजासारखा होतो. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९४८ च्या सुमारास अशा हातांवर कंडरा-स्थानांतरणे सुरू केली. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील सुघटनशल्यविशारद नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांच्या पुनर्रचना शस्त्रक्रियेत मोलाचे कार्य केले.

पश्चात उपचार व मर्यादा : शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे हात प्लॅस्टरमध्ये अथवा पट्टीत स्थिर ठेवतात. पुढे भौतिकी चिकित्सेद्वारे स्नायूला नवे काम शिकवावे लागते. आरंभी रुग्णास जुनी हालचाल मनात आणूनच नवी घडवावी लागते. या शस्त्रक्रियेने संवेदना परत येत नाही, म्हणून बधिर हात भाजण्यापासून व जखमांपासून जपावा लागतो. पूर्वीची ताकद सहसा मिळत नाही. तथापि कोपर वाकून हात तोंडापर्यंत पोहोचणे किंवा वस्तू पकडता येणे, एवढ्यानेही रुग्णाचे परावलंबन पुष्कळ कमी होते.