ब्रेक लावताना जाणवणारा मोटारीचा कंप : कारणे व निदान

सांगली-मिरज रस्त्यावरील विश्रामबाग हा भाग कृष्णाकाठच्या सपाटीवर वसलेला आहे. 1947 साली स्थापन झालेले व आज वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय याच भागात आहे. या सपाटीवर मोटारीच्या ब्रेकांची कसोटी क्वचितच लागते. ती लागते कोकणात उतरताना, रत्नागिरीच्या वाटेवर आंबा घाटात किंवा चिपळूणच्या वाटेवर कुंभार्ली घाटात. अशा प्रवासाहून परतल्यावर ब्रेक लावताच स्टिअरिंग थरथरू लागले, तर ‘डिस्क वाकली’ असे निदान बहुधा काहीही न मोजताच केले जाते. पुष्कळदा ते चुकीचे ठरते.

घाटात नेमके काय घडते, याचा प्रथम हिशेब पाहू. 1000 किलोग्रॅम वजनाची मोटार 300 मीटर खाली उतरली, तर सुमारे 29 लाख जूल ऊर्जा मोकळी होते. ही सारी उष्णता प्रत्येकी 5 किलोग्रॅमच्या पुढील दोन डिस्कमध्येच साठली असे क्षणभर धरल्यास त्यांचे तापमान 600 अंशांहून अधिक चढेल. प्रत्यक्षात वारा, मागील ब्रेक आणि खालच्या गिअरमधील इंजिन हा भार वाटून घेतात. परंतु जो चालक गिअर न बदलता केवळ ब्रेकवर घाट उतरतो आणि पायथ्याशी ब्रेक दाबून गाडी उभी करतो, त्याच्या तप्त डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा थर एकाच जागी चिकटून बसतो. बिडाची डिस्क वाकलेली नसते. तिची जाडी मात्र सर्वत्र सारखी राहिलेली नसते. 0.02 मिलिमीटरइतका फरकही स्टिअरिंगवर जाणवू शकतो. तापमान सुमारे 700 अंशांपलीकडे गेल्यास त्या जागी बिडात सिमेंटाइटचे कठीण डाग पडतात. मग लेथवर डिस्क साफ करूनही कंप पुन्हा उद्‌भवतो, कारण डागाभोवतीचे मऊ बीड अधिक झिजते.

दुसरे कारण घाटाशी निगडित नाही, आणि तेच अधिक आढळते. हबच्या तोंडावर गंजाची 0.05 मिलिमीटरची खपली एका बाजूस राहिली, तर तिरप्या बसलेल्या डिस्कच्या कडेशी ते अंतर जवळजवळ दुप्पट होते. ब्रेक लावलेला नसतानाही डिस्कचा पुढे आलेला भाग प्रत्येक फेऱ्यात पॅडला घासतो आणि काही हजार किलोमीटरांत पातळ होतो. पंक्चर काढल्यावर चाकाचे नट पान्यावर पाय देऊन एका ओळीने आवळण्याची रीतही असाच तिरपेपणा निर्माण करते. ते समोरासमोरच्या क्रमाने, थोडे थोडे आवळावेत.

निदानाचा आरंभ एका साध्या प्रश्नाने करावा: ब्रेक न लावता कंप जाणवतो काय? जाणवत असल्यास दोष बहुधा टायरमध्ये किंवा चाकाच्या समतोलात असतो. ब्रेक लावल्यावरच स्टिअरिंग थरथरत असेल, तर पुढील डिस्ककडे लक्ष द्यावे. आसन किंवा पेडल हादरत असून स्टिअरिंग स्थिर असेल, तर संशय मागील ड्रमवर येतो. हँडब्रेक मागील ड्रमवर चालत असल्यास मोकळ्या सपाट रस्त्यावर, मंद वेगात, त्याचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढल्याने संशयाची खात्री होते. निसरड्या रस्त्यावर जोराने ब्रेक दाबता पेडलला बसणारे जलद धक्के हा मात्र दोष नव्हे. ते एबीएस यंत्रणेचे कार्य होय.

कंप विशिष्ट वेगालाच का वाढतो, असेही विचारले जाते. 1.8 मीटर परिघाचे चाक ताशी 80 किलोमीटर वेगाने सेकंदास सुमारे 12 फेरे घेते. पुढील चाके व त्यांचे सस्पेन्शन यांची स्वाभाविक कंपनसंख्या बहुधा याच्या आसपास असते. म्हणून तेथे अनुनाद होतो आणि वेग उतरताच थरथर विरते.

यानंतर मापन करावे. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी परिघावर सात-आठ ठिकाणी मोजावी, आणि नट लावून घट्ट केलेल्या डिस्कवर डायल गेज धरून तिचे डोलणे पाहावे. डोलणे अधिक आढळल्यास डिस्क काढून हब घासून स्वच्छ करावा व पुन्हा मोजावे; कित्येकदा दोष तेथेच संपतो. हब न घासता बसविलेली नवी डिस्कही काही महिन्यांत तशीच थरथरू लागते. लेथवर चढविण्यापूर्वी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचावी. त्या मर्यादेखाली गेलेली किंवा तडा गेलेली डिस्क पुन्हा बसवू नये.